ताट आलं, आजी कुठे गेली?

दोस्तांनो, आज आधी एक कोडं.

एका घरात आजींचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. आजी खुर्चीत बसल्या आहेत. धाकटी सून औक्षणाचं ताट धरून उभी आहे. दीड मीटरवर आठवीतली नात कॅमेरा घेऊन सज्ज. ती आजींच्या चष्म्यावर फोकस करते, एकदा सोडून दोनदा तपासते आणि मग बटण दाबते. आठवड्याने रोल धुऊन येतो. फोटोत निरांजनाची ज्योत लख्ख दिसते, कोयरीवरची नक्षी दिसते, ताटातल्या सुपारीवरच्या रेषासुद्धा मोजून घ्या! आणि आजी? आजींचा चेहरा म्हणजे पहाटेच्या धुक्यातला भाईंदरचा खाडीपूल. काहीतरी आहे एवढंच कळतं.

चूक कुणाची?

थांबा, घाईने उत्तर देऊ नका. त्या घरात सगळ्यांनी घाईनेच उत्तर दिलं आणि त्यामुळेच ही गोष्ट माझ्या दारापर्यंत आली.

हे घर आमच्याच सिल्व्हर पार्कातलं, माझ्या खालच्या मजल्यावरचं. मीरा रोडला राहणाऱ्यांना सिल्व्हर पार्क सांगायला नको. मीरा-भाईंदर रस्त्यावर रिक्षावाल्याला एवढे दोन शब्द सांगितले की पुरतं. मुलीचं नाव मात्र छापायचं नाही असं तिनं मला बजावलंय. का, ते पुढे कळेलच.

कॅमेरा तिच्या आजोबांचा. आजोबा नकाशे काढण्याच्या नोकरीत होते. गेल्या वर्षी ते गेले. इथे मिठागरं आणि मोकळी जमीन होती, त्यातून एकेक इमारत कशी वर आली याचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले होते, आणि सगळे याच कॅमेऱ्याने. कॅमेरा म्हणजे निकॉन एफएम-२. हा १९८२ साली बाजारात आला. सगळं हाताने करायचं : फोकस हाताने, उघडझाप किती वेळ ते हाताने, रोल पुढे ओढायचा तोही हाताने. बॅटरी फक्त उजेड मोजायला. ती संपली तरी कॅमेरा चालतो!

आता मोबाइलमध्ये फुकटात हजार फोटो निघत असताना ही कसरत कशाला, असं तुमच्यापैकी निम्म्यांना वाटलं असेल. मलाही अधूनमधून वाटतं. पण छत्तीस फोटोंचा रोल महाग, धुऊन घ्यायला पुन्हा पैसे, आणि धुऊन देणाऱ्या लॅब आता मुंबईत शोधाव्या लागतात. त्यामुळे प्रत्येक फोटोआधी माणूस नीट बघतो. तिला ते बघणंच आवडायचं. आजोबांनी शिकवलेलं.

तर फोटो पाहून घरात काय झालं? काका म्हणाले, "हात हलला." आत्या म्हणाली, "घरात उजेडच नव्हता." बाबा म्हणाले, "तिला जमत नाही ते. उगाच रोल फुकट. फोर्टात एकजण चांगली किंमत देतोय, विकून टाकू." एकट्या आजी म्हणाल्या, "ताट छान आलंय हो!" त्या अगदी मनापासून म्हणाल्या, पण नात रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा, फोटो आणि निगेटिव्हचं पाकीट घेऊन माझ्याकडे आली. "काका, मी खरंच चष्म्यावरच फोकस केला होता."

मी फोटो पसरले. बाल्कनीतून काढलेले, दुपारच्या उन्हातले फोटो छान होते. घरातले सगळे बिघडलेले. यावरून आत्याचं म्हणणं बरोबर वाटतं, नाही का? पण जरा नीट बघू या. हात हलला की फोटोतलं सगळंच फराटतं, ज्योतीला शेपूट फुटतं. इथे ज्योत तर सुईसारखी तीक्ष्ण! म्हणजे हात हललेला नाही. उजेड कमी असेल तर फोटो काळपट येईल, पण ताट स्वच्छ आणि चेहरा धूसर असं होणार नाही. फोकस लागला होता, पण नको तिथे. ताट आजींच्या चेहऱ्यापेक्षा साधारण वीतभर पुढे होतं. दुसरा फोटो पाहिला. त्यात तिचा छोटा भाऊ धूसर आणि त्यानं पुढे केलेला लाडू स्पष्ट. तिसऱ्यात आईचा चेहरा धूसर, पुढे आलेला हात स्पष्ट. प्रत्येक वेळी फोकस पुढेच. चुकणारा माणूस कधी पुढे चुकतो, कधी मागे. दर वेळी एकाच बाजूला चुकतं ते यंत्र!

हे कसं होतं ते कळायला कॅमेऱ्याच्या पोटात डोकवावं लागेल. चला.

एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात तुम्ही डोळा लावता ती खिडकी मागे, वरच्या बाजूला असते. पण तुम्हाला दिसतं ते पुढच्या भिंगातून आलेलं चित्र. भिंगामागे पंचेचाळीस अंशात एक आरसा तिरपा बसवलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्यावर आपटून वर जातो आणि वर आडव्या बसवलेल्या एका छोट्या काचेवर चित्र उमटतं. ही काच आरपार नसते. न्हाणीघराच्या खिडकीला असते ना दुधी काच, तशी ती असते. हल्ली ती बहुधा प्लॅस्टिकचीच असते, पण आपण काचच म्हणू. तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. त्या चित्राला वरचं पाच कोनी लोलक सुलटं करतं आणि ते तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतं. तुम्ही बटण दाबलंत की आरसा खटकन वर उडतो, मागचा पडदा उघडतो आणि तोच प्रकाश सरळ फिल्मवर जातो.

आता यातली मेख अशी. फोटो फिल्मवर उमटतो, पण फोकस तुम्ही बघता दुधी काचेवर. दोन्ही वेगवेगळ्या जागा! मग काचेवर स्पष्ट ते फिल्मवर स्पष्ट याची खात्री कोण देणार? खात्री देतं अंतर. भिंग जिथे अडकतं त्या कड्यापासून आरशावरून वळून काचेपर्यंतचं अंतर आणि त्याच कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर अगदी सारखं ठेवलेलं असतं. निकॉनच्या या कॅमेऱ्यात ते ४६.५ मिलिमीटर आहे. ते दोन्हीकडे सारखं, म्हणजे सारखंच हवं. केसभर इकडेतिकडे झालं तर काच खोटं बोलायला लागते.

केसभर म्हणजे किती? नववी-दहावीवाल्यांनी भिंगाचं सूत्र घेऊन हे गणित करून पाहावं. ५० मिलिमीटरचं भिंग घ्या. १.५ मीटरवरच्या वस्तूचं स्पष्ट चित्र भिंगामागे ५१.७२ मिलिमीटरवर पडतं. १.३५ मीटरवरच्या वस्तूचं पडतं ५१.९२ वर. फरक फक्त ०.२ मिलिमीटर! म्हणजे काच आपल्या जागेपासून ०.२ मिलिमीटर खाली, आरशाकडे सरकली, तर तुम्ही फोकस कराल दीड मीटरवरच्या आजींवर आणि फिल्मवर स्पष्ट येईल पंधरा सेंटिमीटर पुढचं ताट.

मग बाल्कनीतले फोटो कसे चांगले आले? छान प्रश्न. उन्हात तिनं भिंगाचं तोंड बारीक केलं होतं, एफ ८ वर. तोंड बारीक केलं की फोकसच्या पुढचं-मागचंही बरंच स्पष्ट येतं. घरात उजेड कमी म्हणून तिनं ते पूर्ण उघडलं होतं, एफ १.८ वर. त्या वेळी दीड मीटरवर पुढेमागे मिळून जेमतेम दहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. उन्हात चूक झाकली गेली, घरात उघडी पडली. आत्या अर्धी बरोबर होती म्हणायची.

पण हा झाला तर्क. पुरावा हवा.

ही तपासणी तुम्हीही करू शकता, मात्र मोठं कुणीतरी शेजारी बसवून. पहिली गोष्ट, कॅमेऱ्यात रोल नाही याची खात्री करा. (हसू नका. मी स्वतः एकदा अर्धा रोल असा उजेडात घालवलाय.) मागचं झाकण उघडा. कॅमेरा टेबलावर किंवा स्टँडवर पक्का ठेवा. भिंगाचं तोंड पूर्ण उघडं. उघडझापीची चकती 'बी' वर ठेवायची. मग बटण दाबून धरलं की पडदा उघडाच राहतो. दाबून ठेवणारी केबल असेल तर उत्तम. दीड मीटरवर छापील वर्तमानपत्र टांगा आणि त्यावर चांगला उजेड पाडा. खिडकीतून बघून मथळ्यावर नीट फोकस करा. मग पडदा उघडून, फिल्म ज्या दोन गुळगुळीत पट्ट्यांवरून सरकते त्यांच्यावर ट्रेसिंग पेपरचा कडक तुकडा सपाट धरा. त्यावर मथळा उलटा उमटलेला दिसेल. तो भिंगाने बघा. स्पष्ट असेल तर कॅमेरा खरं बोलतो. कागद पूर्ण बाजूला होईपर्यंत बटण सोडायचं नाही आणि पडद्याच्या पात्यांना बोट लावायचं नाही. पाती अतिशय पातळ असतात, एकदा दुमडली की संपलं.

आम्ही तपासलं. कागदावर मथळा धूसर! आमच्या हॉलमध्ये पाच मिनिटं शांतता. मी विचारलं, "कॅमेरा पडला होता का?" "नाही." "दुरुस्तीला दिला होता?" "नाही." मग तिनं मान खाली घातली. "काका, मी ती काच काढली होती."

का काढली? तर खिडकीतून बघताना एक काळा ठिपका दिसायचा. तो फोटोत येईल म्हणून तिनं आजोबांच्या पेटीतला चिमटा घेतला, भिंग काढलं, आतली काच काढली आणि कापसाने पुसली. परत बसवली. ठिपका गेला. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण आजोबांच्या वस्तूला हात लावायचा तर आधी विचारायचं असा घरात दंडक.

दोस्तांनो, आता नीट ऐका. खिडकीत दिसणारा ठिपका फोटोत येत नाही! तो दुधी काचेवर असतो, आणि फोटो घेताना आरसा वर जातो, काच त्या वाटेवर नसतेच. ठिपका कितीही डाचला तरी त्याला तिथेच राहू द्यावं. फार तर भिंग काढून, कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्याने फुंकर मारावी. तोंडाने नाही, थुंकी उडते. आणि पुसायचं तर अजिबात नाही. काच प्लॅस्टिकची, मऊ. तिच्यावर अतिसूक्ष्म नक्षी असते. रुमालाने घासलीत की कायमचे ओरखडे.

एफएम-२ मध्ये ही काच भिंगाच्या तोंडातूनच निघते. आत वरच्या बाजूला एक खिट्टी असते. ती चिमट्याने ओढली की काच धरणारी चौकट खाली झुकते. काचेला धरायला एक बारीकसा कान असतो, त्याला चिमट्याने पकडून ती बाहेर घ्यायची. परत बसवताना चौकट वर ढकलायची, टक् असा आवाज आला पाहिजे. आम्ही ती चौकट उघडली आणि तिथे, काच टेकते त्या कडेला, कापसाची एक इवलीशी गाठ चिकटलेली! डोळ्यांनी शोधावी लागेल एवढी. कापसाच्या त्या गाठीनं आजींना धुक्यात घातलं होतं.

गाठ काढली. काच बसवली. टक्! पुन्हा कागद लावून पाहिलं. मथळा स्पष्ट. पोरीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण आजोबांच्या पेटीत प्लॅस्टिकच्या डबीत आणखी एक काच निघाली. तिच्यावर उभ्याआडव्या रेघा. "ही कशाला?" ती म्हणाली. आणि मग आमच्या दोन संध्याकाळी यातच गेल्या.

फोटोग्राफीइतकीच ही दुधी काच जुनी आहे. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नामवंत फोटोग्राफर. तेव्हा कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी. मागच्या बाजूला दुधी काच असायची, डोक्यावर काळं कापड घेऊन त्यावर फोकस बघायचा, चित्र डोकं खाली पाय वर! मग काच काढून त्याच जागी रासायनिक लेप दिलेली प्लेट सरकवायची. म्हणजे त्यांना आरशाची भानगड नव्हती. फोकसची जागा आणि फोटोची जागा एकच. पुढे पोटाशी धरून वरून बघायचे दुहेरी भिंगांचे कॅमेरे आले, तुमच्या आजीआजोबांच्या लग्नाचे फोटो बहुधा त्यातलेच. त्यांतही वर दुधी काचच, फक्त चित्रातलं डावं उजवं उलटं. १९५९ साली निकॉन एफ आला आणि त्यात काच बदलण्याची सोय होती. जसं काम तशी काच.

साधी दुधी काच ही मूळ जात. तिच्यात मध्ये वर्तुळ-बिर्तुळ काही करामत नाही. चित्र धूसर असतं, कडं फिरवता फिरवता स्पष्ट होतं, पुन्हा धूसर व्हायला लागतं. मग मधल्या जागी परत यायचं. कडेला चित्र काळोखं पडू नये म्हणून बहुतेक काचांना फ्रेनेल भिंगाची जोड असते. बशीएवढी गोल गोल वर्तुळं कोरलेलं चपटं भिंग. फ्रेनेल हा फ्रेंच शास्त्रज्ञ, त्यानं ते शोधलं दीपगृहांसाठी! समुद्रावर दूरवर प्रकाश फेकणारी युक्ती नखाएवढ्या रेघांत तुमच्या कॅमेऱ्यात बसलेली असते.

दुसरी जात दुभंग काच, कॅमेरेवाले तिला स्प्लिट म्हणतात. मधोमध छोटं वर्तुळ, त्याचे दोन अर्धे. प्रत्येक अर्ध्यात पाचरीसारखी तिरपी काच, एकीचा उतार डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. चित्र बरोबर काचेच्या पातळीत पडलं तर दोन्ही अर्धे जुळतात. पुढेमागे पडलं तर एक अर्धा इकडे सरकतो, दुसरा तिकडे. विजेचा खांब मधूनच मोडल्यासारखा दिसतो. तो जुळला की फोकस झाला. फार मजा येते बघायला! चष्मा लावणाऱ्यांना, ज्यांना धूसर-स्पष्ट यातला बारीक फरक चटकन कळत नाही त्यांना तर ही वरदानच. पण हिला रेघ लागते. आजींच्या गालावर रेघ कुठून आणणार? म्हणून चष्म्याची कड धरायची, साडीचा काठ धरायचा. आणि मधली फट आडवी असेल तर जुळवायला उभी रेघ लागते; आडवीच रेघ असेल, तर कॅमेरा तेवढ्यापुरता तिरका करायचा, जुळवायचं, मग सरळ करायचा.

तिसरी मायक्रोप्रिझम. हजारो इवल्या पिरॅमिडांची जाळी. फोकस नसेल तेव्हा ती जागा तळ्यातल्या उन्हासारखी चमचम करते, फोकस झाला की चमचम थांबते. पोत असलेल्या गोष्टींना, म्हणजे केस, झाडाची साल, घोंगडी यांना ही बरी. बऱ्याच कॅमेऱ्यांत मध्ये दुभंग वर्तुळ, भोवती मायक्रोप्रिझमचं कडं आणि बाकी दुधी काच अशी तिन्हींची खिचडी असते. एफएम-२ बरोबर येणारी के-२ काच हीच. घरातले, लग्नातले, माणसांचे फोटो काढणाऱ्यानं दुसऱ्या काचेच्या मागे लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दुसऱ्या काचा लागतात कधी? दुभंग काचेचं एक दुखणं आहे. तिच्या पाचरी भिंगाच्या दोन विरुद्ध कडांकडून आलेला प्रकाश बघतात. भिंग मोठ्या तोंडाचं असेल तर कडांकडून भरपूर प्रकाश येतो. पण भिंगाचं सगळ्यात मोठं तोंडच लहान असेल, साधारण एफ ५.६ किंवा त्याहून बारीक, तर कडांकडून काही येतच नाही आणि वर्तुळाचा एक अर्धा काळा कुट्ट होतो. डोळा जरा हलवला की दुसरा अर्धा काळा. चित्राच्या ऐन मध्यात डांबराचा थेंब! आजोबांकडे एफ ४ तोंडाचं २०० मिलिमीटरचं भिंग आहे आणि ते दुप्पट करणारा जोडही आहे. जोड लावला की ४०० मिलिमीटर होतात, पण तोंड होतं एफ ८. पोरीला मिठागरातले शेकाट्या नि बगळे टिपायचेत. तिथे के-२ काच कामाची नाही. साधी दुधी हवी.

साधीला एफएम-२ साठी बी-२ म्हणतात. ती म्हणाली, "मग बी-२ घेऊ या का? बोरा बाजारात मिळेल?" फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्याच्या दुकानांचा आणि दुरुस्तीवाल्यांचा, तुमच्यापैकी कुणी गेला असाल. मिळेलही. पण मी म्हटलं, थांब, डबीतली काच बघ. ती ई-२ होती. म्हणजे बी-२ सारखीच साधी दुधी, वर फक्त रेघांची जाळी. मध्ये दुभंग वर्तुळ नाही, त्यामुळे काळं पडायला काही नाही. पक्ष्यांचं काम हिनंच भागेल. पैसे वाचले, रोल घे! दुकानदार मला शिव्या देतील, पण देऊ देत.

आणि जाळी कशाला? "आजोबा इमारती काढायचे ना," ती स्वतःच म्हणाली. अगदी बरोबर. इमारत उभ्या रेघेला लावायची, गच्ची आडव्या रेघेला. कॅमेरा जरा वर तोंड करून धरला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते. जाळी असली की ते फोटो काढण्याआधीच कळतं. आम्ही त्यांचे जुने फोटो काढून पाहिले. एकही इमारत कललेली नाही.

आता तुमच्या घरी कपाटात जुना कॅमेरा असेल तर थोडं तुमच्याबद्दल. पेंटॅक्स के-१००० असेल तर काच पक्की बसवलेली असते, घरी बदलता येत नाही. साध्या मॉडेलात मध्ये मायक्रोप्रिझम आणि भोवती दुधी. निवडायचंच काही नाही, त्याचं वाईटही वाटून घेऊ नका. १९७६ ते १९९७ एवढी वर्षं हा कॅमेरा बनत होता, जगभर लाखो मुलं त्यावरच फोटोग्राफी शिकली. यशिका एफएक्स-३ ची काचही पक्की. कॅनन एई-१ ची पक्की, पण १९८१ च्या एई-१ प्रोग्रामची बदलता येते. ऑलिम्पस ओएम-१ ची भिंगाच्या तोंडातूनच बदलते आणि तिला तर डझनाहून जास्त प्रकारच्या काचा निघाल्या होत्या. एका कॅमेऱ्याची काच दुसऱ्यात ठोकून बसवू नका. मापात बसली तरी अंतर चुकतं, आणि अंतर चुकलं की काय होतं ते आजींना विचारा. शिवाय एफएम-२ सारख्या कॅमेऱ्यात उजेड मोजणारा डोळा वर, खिडकीशेजारी असतो; तो काचेवरचाच उजेड मोजतो. जास्त किंवा कमी उजळ काच बसवली की त्याचं मापही थोडं बदलतं.

जुनी काच विकत घेताना ती उजेडाकडे तिरकी धरून ओरखडे बघायचे. बोटाचा ठसा असेल तर नकोच. दुकानदार सांगेल, "ही जास्त ब्राइट आहे, घ्या." भुलू नका. दुधी काच जितकी बारीक दळलेली तितकी उजळ दिसते हे खरं, पण ती इतकी गुळगुळीत झाली की धूसर आणि स्पष्ट यातला फरकच कमी कळतो. फोकस आपोआप लागणाऱ्या कॅमेऱ्यांना तशा काचा चालतात, कारण तिथे फोकस यंत्र करतं. हाताने फोकस करणाऱ्याला जराशी खरखरीत काचच उपयोगी.

एक अगदी सोपी तपासणीही सांगून ठेवतो. खिडकीतून बघा आणि समोरचं दृश्य सोडून काचेवरच्या वर्तुळाच्या कडेकडे किंवा जाळीच्या रेघांकडे लक्ष द्या. त्या रेघाच धूसर दिसत असतील तर दोष काचेचा नाही, भिंगाचाही नाही. चष्मा लावा, किंवा आईबाबांना सांगून डोळे तपासून घ्या! बाबांनी उत्साहात येऊन कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा त्यांना रेघा दिसल्याच नाहीत. "ही जाळी कुठाय?" म्हणाले. चष्मा कपाळावर होता.

हो, बाबांना सगळं सांगितलं. तिनंच सांगितलं, मी फक्त शेजारी बसलो होतो. काच काढली ते, कापूस लावला ते, लपवलं ते. बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी तुला जमत नाही म्हणालो होतो." त्यापुढे काही बोलले नाहीत, पण फोर्टातल्या त्या माणसाला फोन करून नाही म्हणून कळवलं.

वाढदिवस तर होऊन गेला. आजी म्हणाल्या, "मग काय झालं, परत ओवाळा!" रविवारी संध्याकाळी पुन्हा निरांजन लावलं, आजींनी तीच साडी नेसली. के-२ काच, भिंग पूर्ण उघडं, फोकस चष्म्याच्या काडीवर. तिनं पाच फोटो काढले. मग ई-२ घालून सकाळी मिठागराच्या बांधावर दोनदा जाऊन आलो; शेकाट्या उडाल्या, तरी चारपाच तरी हाती लागल्या असाव्यात.

रोलमध्ये अजून नऊ फोटो बाकी आहेत. आजी रोज विचारतात, "माझा फोटो कधी येणार?" लवकर संपव म्हणून सगळे मागे लागलेत, पण ती काही उगाच बटण दाबायला तयार नाही.